मे महिन्यातली विहीर आणि पाच खोल्या: देवगड किनाऱ्यावरील एका निवासाचे प्रकरण

(प्रकरणातील कुटुंबाची व गावाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

देवगड आणि विजयदुर्ग यांच्या दरम्यानचा किनारा वाळूच्या सलग पट्ट्यांचा नाही. जांभ्या दगडाचे उघडे सडे, म्हणजे कातळी पठारे, समुद्रापर्यंत येतात आणि तिथे एकदम कड्याने तुटतात. कड्याच्या पायथ्याशी कुठेतरी छोटीशी पुळण असते, एरवी काळ्या कातळावर लाटा आपटत असतात. अशाच एका सड्याच्या उतारावर, हापूसच्या कलमांच्या बागेत, या कुटुंबाचे वडिलोपार्जित घर आहे. भिंती चिऱ्यांच्या, छप्पर मंगलोरी कौलांचे, पुढे खळे म्हणजे अंगण, मागे न्हाणीघर आणि बागेच्या टोकाला राखणीचा मांगर, म्हणजे छोटे घर. डांबरी रस्ता अलीकडेच संपतो आणि शेवटचा टप्पा गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) मधून जाणाऱ्या अरुंद पाणंदीचा आहे.

घराचे मालक आणि त्यांची पत्नी अनेक वर्षे डोंबिवलीत राहून गावी परतले आणि त्यांनी घरात पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय केली. नवे बांधकाम करायचे नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. त्यामागे हौसेइतकाच कायदाही होता. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिक रहिवाशांना मूळ घराचे जोते, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता घरगुती मुक्कामाची सोय करण्यास वाव आहे. नव्या कॉटेजांचे गणित त्यात बसत नाही. म्हणून जुन्या घरात तीन आणि मांगरात दोन, अशा पाच खोल्या तयार झाल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात निम्मी कौले उडाली, तेव्हा पत्रे घालण्याचा सल्ला अनेकांनी दिला; त्यांनी पुन्हा कौलेच चढवली. वातानुकूलन नाही, दूरचित्रवाणी नाही, प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी नाही, पाणी तापवायला सौर बंब, रात्री समुद्राच्या बाजूला दिवे नाहीत, आणि जेवणात त्या दिवशी बंदरावर जे मासे येतील ते. पर्यावरणाची चाड असलेल्या निवासाकडून पाहुणा ज्या गोष्टींची अपेक्षा करतो, त्या बहुतेक सर्व तिथे प्रामाणिकपणे होत्या. पाण्याचा हिशेब मात्र कुणी केलेला नव्हता.

अडचण

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे तिथे पाण्याची टंचाई असते हे पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन पटत नाही. हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. जांभा चाळणीसारखा असल्याने मुरलेले पाणी त्यात फार काळ थांबत नाही. ते भेगांतून, झऱ्यांतून उताराला लागते आणि समुद्राला मिळते. डिसेंबरात काठोकाठ दिसणाऱ्या विहिरीचा तळ मे महिन्यात दिसू लागतो. आंब्याचा हंगाम, शाळांच्या सुट्ट्या आणि चाकरमान्यांचे गावी येणेही नेमके त्याच महिन्यात असते.

या घराची विहीर दहा फूट व्यासाची आहे आणि ती एकट्या घराची नाही. भाऊबंदांची आणखी दोन घरे त्याच विहिरीवर आहेत. त्यांच्याकडे पंप नाही, कळशीने पाणी शेंदतात. आदल्या हिवाळ्यात निवासाची टाकी ५,००० लिटरची करून तिला स्वयंचलित पंप जोडला गेला. टाकीतली पातळी खाली गेली की पंप आपोआप सुरू होई. माझ्या मते या प्रकरणातला सर्वात महागडा बदल हाच होता, जरी खर्चाच्या वहीत तो किरकोळ दिसतो. तोपर्यंत पंप हाताने सुरू करावा लागत असल्याने कुणीतरी दिवसातून दोनदा विहिरीत डोकावत असे. नंतर ते डोकावणे थांबले.

एप्रिलच्या अखेरीस महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला जोडून पाचही खोल्या भरल्या. जादा गाद्या धरून पाहुणे १६ होते. सहाव्या दिवशी, ३ मेच्या पहाटे, शेजारच्या घरातील वयस्क चुलतीने कळशी सोडली तेव्हा वर गढूळ पाणी आले. पंपाने रात्रीतून विहीर तळाशी आणली होती. चुलतीने आरडाओरडा केला नाही, खळ्यात येऊन एवढेच म्हणाली, “आदी पाणी बघा, मगे पावणे बोलवा.” तासाभराने मांगरातल्या दोन्ही खोल्यांचे नळही कोरडे पडले. दुसऱ्या दिवशी पुण्याहून अकरा जणांचे कुटुंब तीन रात्रींसाठी यायचे होते. त्यांत दोन वृद्ध होते आणि एक तान्हे मूल. आगाऊ रक्कम घेतलेली होती.

हिशेब

त्या सकाळी घाईघाईने टँकरला फोन न करता मालकांनी आधी मोजमाप केले. संकटात मोजत बसणे अनेकांना वेळकाढूपणा वाटतो. इथे त्यामुळेच पुढचे निर्णय सरळ झाले. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण २,२०० लिटर. पंप बंद ठेवून, दोरीला गाठी मारून त्यांनी काही तासांच्या अंतराने दोनदा पातळी घेतली. त्या वेगाने रात्रीतून जवळजवळ दीड फूट, म्हणजे सुमारे ३,२०० लिटर पाणी भरेल, असे दिसले. शेजारच्या दोन घरांना आणि त्यांच्या गुरांना सुमारे ९०० लिटर लागत. स्वतःचे घर आणि पाहुण्यांसह सर्वांचा स्वयंपाक यांना ६००. पाहुण्यांच्या खोल्यांसाठी उरत होते १,७०० लिटर.

टाकीच्या नोंदींवरून माणशी वापर दिवसाला १६५ लिटरच्या आसपास निघाला. हा काही उधळेपणाचा आकडा नव्हे. जलजीवन अभियानात ग्रामीण भागासाठी माणशी ५५ लिटर धरतात, शहरी पाणीपुरवठ्यात १३५, आणि हॉटेलातील प्रत्येक खाटेमागे १८० लिटर हा बांधकामाच्या मानकातला रूढ आकडा आहे. पाहुणे घरी वापरत त्याहून थोडेसेच जास्त पाणी वापरत होते. समुद्रावरून आल्यावर अंगावरचे मीठ आणि वाळू धुण्यासाठी दुसरी अंघोळ लागते, हे त्याचे एक कारण होते. मात्र सोळा जणांचे २,६४० लिटर होत होते आणि रोजची तूट ९४० लिटरच्या घरात जात होती. भरलेली टाकी ही तूट पाच दिवस झाकून ठेवू शकते. तिने ती बरोबर तेवढेच दिवस झाकली.

मोजमापात आणखी एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. सौर बंब जुन्या घराच्या छपरावर आणि मांगर त्यापासून वीस मीटरवर. नळीतले गार पाणी वाहून गेल्याशिवाय गरम पाणी येत नसे, आणि प्रत्येक वेळी सहा-सात लिटर स्वच्छ पाणी मोरीत जाई. विजेची बचत करणारे साधन पाण्याची नासाडी करत होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पुण्याच्या कुटुंबाचे आरक्षण सरळ रद्द करण्याचा. तो प्रामाणिक होता; पण मेच्या पहिल्या आठवड्यात एका दिवसाच्या मुदतीत अकरा जणांना किनाऱ्यावर दुसरी जागा मिळणे अवघड होते, आणि पैसे परत केल्याने त्यांची सुट्टी परत आली नसती.

दुसरा टँकरचा. मोठा टँकर पाणंदीत शिरूच शकत नव्हता. २,००० लिटरची टाकी बसवलेली छोटी पिकअप गाडी तेवढी येऊ शकत होती. अडचण पैशांपेक्षा वेगळी होती. टँकरचे पाणी कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या विहिरीतून येते, आणि मे महिन्यात त्या गावालाही ते हवेच असते. निसर्गस्नेही म्हणवणाऱ्या निवासाने दुसऱ्या गावची विहीर उपसून आपले न्हाणीघर चालवावे का, हा प्रश्न पत्नीने विचारला. त्या घरात त्यावर बराच वाद झाला असे कळते.

तिसरा पर्याय विंधण विहिरीचा, म्हणजे बोअरवेलचा. या पर्यायावर थोडे थांबायला हवे, कारण किनाऱ्यावरील बहुतेक निवास शेवटी तिथेच पोचतात. ठेकेदाराने ३०० फुटांचा अंदाज दिला होता आणि चार दिवसांत यंत्र आणण्याची तयारी दाखवली होती. घराची जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १३० फूट उंच आहे. म्हणजे ३०० फुटांची विंधण विहीर समुद्राच्या पातळीखाली १७० फूट गेली असती. जांभ्याच्या खाली तिथे बेसॉल्ट आहे. त्या खडकात पाणी असते ते भेगांत. भेग लागली नाही तर विहीर कोरडी जाते, आणि लागली तरी तीच भेग समुद्राकडे उघडी असू शकते. किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर तरंगून राहते. सच्छिद्र भूभागात गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर उंच असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते, असा भूजलशास्त्राचा ठोकताळा आहे. याचा उलटा अर्थ असा की वरची पातळी उपशाने एक मीटर उतरली तर खालचे खारे पाणी कितीतरी पटींनी वर सरकते. एकदा खारे झालेले भूजल पुन्हा गोडे व्हायला अनेक पावसाळे लागू शकतात, आणि तोपर्यंत शेजारच्यांच्या उथळ विहिरींचेही नुकसान झालेले असते. शिवाय राज्याच्या भूजल कायद्यानुसार पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदता येत नाही, आणि गावच्या नळयोजनेची विहीर त्या अंतरात होती. चार दिवसांत यंत्र आणू म्हणणारा ठेकेदार या परवानगीबद्दल अवाक्षर बोलला नव्हता.

चौथा पर्याय पाहुण्यांची संख्या आणि वापर दोन्ही कमी करण्याचा, आणि तसे त्यांना आधी सांगण्याचा. समुद्राचे पाणी गोडे करण्याचे छोटे संयंत्र बसवावे असेही कुणी सुचवले. त्याची वीज आणि उरलेल्या खारट द्रावाची विल्हेवाट पाहता तो विचार लगेच सोडून देण्यात आला.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय शेजाऱ्यांविषयी होता, आणि तो पाहुण्यांच्या आधी घेतला गेला, हे मला या प्रकरणात सर्वात महत्त्वाचे वाटते. पंपाचे स्वयंचलित बटण काढून टाकण्यात आले. सकाळी आठपर्यंत विहीर फक्त शेंदणाऱ्यांची. त्यानंतर पंप ठरावीक वेळच चालेल आणि तळाचे दोन फूट पाणी कधीही उपसले जाणार नाही, असे ठरले. हे ठरवायला मालक स्वतः दोन्ही घरी गेले.

दुसरा निर्णय पुण्याच्या कुटुंबाला दुपारीच फोन करण्याचा. विहिरीची परिस्थिती सांगून त्यांच्यापुढे तीन गोष्टी ठेवल्या: पूर्ण रक्कम परत, किंवा ज्यांना पाण्याची अडचण सोसणार नाही त्यांची सोय नळयोजना असलेल्या शेजारच्या गावात नातेवाइकांच्या घरी, किंवा बादलीने अंघोळीच्या अटीवर मुक्काम. कुटुंबाने आपसांत विचार करून वृद्ध दांपत्य आणि तान्ह्या मुलासह त्याचे आईवडील, असे पाच जण शेजारच्या गावी पाठवले. बाकीचे सहा इथे आले. दोन्हीकडचे जेवण एकाच ठिकाणी ठेवले, त्यामुळे कुटुंब दिवसभर एकत्र राहिले. त्या पाच जणांचे भाडे नातेवाइकांना गेले.

आधीपासून मुक्कामी असलेल्यांपैकी पुढेही थांबणाऱ्या पाच पाहुण्यांना संध्याकाळी खळ्यात बसवून सर्व सांगितले. शॉवर बंद, प्रत्येकी दोन बादल्या, समुद्रावरून आल्यावर आधी बाहेरच्या दगडावर तांब्याने पाय धुणे, चादरी रोज न बदलणे. एका जोडप्याला ते पटले नाही. संकेतस्थळावरच्या छायाचित्रात शॉवर दाखवला होता, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खरे होते. त्यांना उरलेल्या रात्रींचे पैसे देऊन निरोप देण्यात आला. त्यांनी पुढे लिहिलेला अभिप्राय कडवट होता. मालकांनी त्याला उत्तर देताना वाद घातला नाही, छायाचित्र काढून टाकले.

टँकरचा प्रश्न मध्यममार्गाने सुटला. छोट्या गाडीच्या दोनच खेपा घेतल्या, त्याही संडासाची टाकी आणि धुण्यापुरत्या. सौर बंबातून मांगराकडे जाणारी नळी बंद केली आणि गरम पाणी बंबाजवळच्या नळावरून बादलीने नेऊ लागले. घरातल्या मुलाला ते काम आवडले नाही. या सर्व बदलांनंतर माणशी वापर ११० लिटरच्या आसपास आला, आणि पावसापर्यंत विहिरीचा तळ पुन्हा दिसला नाही.

मैलापाण्याचा मुद्दा

पाणी तपासायला दिले गेले ते खारटपणाच्या धास्तीने. क्लोराइड मर्यादेत निघाले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत चालते. मात्र जिवाणू सापडले. मांगरातल्या दोन नव्या संडासांचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला होता. गाळाच्या मातीत पाणी हळूहळू गाळले जाते. जांभ्याच्या भेगांत तसे होत नाही, त्यामुळे केवळ अंतर पुरेसे असले तरी दिशा चुकली तर उपयोग नसतो. पिण्याचे पाणी उकळणे आणि विहिरीत क्लोरीन टाकणे त्याच दिवशी सुरू झाले. शोषखड्डा पावसापूर्वी उताराच्या खालच्या बाजूला हलवला. न्हाणीघराचे सांडपाणी पूर्वीपासून माडांच्या आळ्यांत सोडले जात होते, ते तसेच राहिले.

कौले, शेणाने सारवलेले खळे, पत्रावळी या गोष्टी छायाचित्रात दिसतात. शोषखड्डा दिसत नाही, म्हणून त्याविषयी पाहुणा विचारत नाही आणि यजमान सांगत नाही. निर्जन किनाऱ्यावरच्या निवासांत माझ्या पाहण्यात हेच वारंवार आले आहे.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात जुन्या घराच्या छपराचे पाणी धरण्याचे ठरले. छपराचे क्षेत्र सुमारे १५० चौरस मीटर. कौलांवरून वाया जाणारे वजा जाता हंगामात साडेतीन लाख लिटरहून अधिक पाणी त्यावरून वाहते. ते सगळे साठवण्याइतकी टाकी कुणालाच परवडणार नाही, आणि त्याची गरजही नव्हती, कारण ओढ लागते ती एप्रिलच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंतच. ३०,००० लिटरची बंदिस्त फेरोसिमेंट टाकी बांधली. पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडून द्यायची सोय आणि डास शिरू नयेत म्हणून जाळी, एवढी काळजी घेतली. छपन्न दिवसांवर वाटले तर दिवसाला सुमारे ५३५ लिटर होतात. आकडा लहान वाटतो, पण टँकर टाळायला तो पुरतो. हिवाळ्यात दोन्ही भाऊबंदांसह व्हाळावर (ओढ्यावर) पोत्यांचा वनराई बंधारा घातला; त्यानंतरच्या मे महिन्यात विहीर किंचित उशिरा उतरली. त्याचे श्रेय बंधाऱ्याला किती आणि आदल्या पावसाळ्याला किती, हे एका वर्षावरून ठरवता येणार नाही.

खोल्यांची संख्या ऋतूनुसार ठरू लागली. १५ एप्रिलनंतर चारच खोल्या आणि दहाच पाहुणे. मेचे उत्पन्न जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. त्यातली काही भरपाई नोव्हेंबर ते फेब्रुवारीत झाली आणि काही पावसाळ्यातल्या मुक्कामांतून. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ताजे मासे नसले तरी कुळथाची पिठी, अळू, फणसाची भाजी आणि सड्यावरचे धबधबे पाहायला लोक येतात, हे त्यांना नव्यानेच कळले. आरक्षणाच्या खातरजमेच्या पत्रात आता विहिरीची स्थिती, बादलीची अंघोळ आणि पाणंदीचा रस्ता यांचा उल्लेख असतो. तो वाचून काही जण आरक्षण सोडतात.

वेगळे काय करता आले असते

खोल्यांचा आकडा मांगरात फरशी बसवण्याआधी ठरायला हवा होता, आणि तोही मे महिन्यातल्या विहिरीवरून. डिसेंबरातली विहीर पाहून केलेला अंदाज कोकणात नेहमी फसवा ठरतो. दोरी, दोन रात्री आणि एक वही यांवर हे काम होते. शॉवर बसवावेत की नाही याचा निर्णयही त्याच वेळी झाला असता. एकदा बसवून नंतर बंद ठेवलेला शॉवर पाहुण्याला फसवणूक वाटतो, मुळात नसलेला शॉवर वाटत नाही.

पंपाविषयी दुमत होऊ शकते. स्वयंचलित पंपच नको, असे काहींचे मत आहे. तळातले राखीव पाणी संपण्याआधी पंप बंद करणारे साधे उपकरण विहिरीत बसवले असते तरी ३ मेची पहाट टळली असती. पण मग टाकी त्या रात्री कोरडी पडली असती आणि भांडण शेजाऱ्यांऐवजी पाहुण्यांशी झाले असते. माणसाने विहिरीत डोकावण्याला पर्याय म्हणून ते उपकरण पुरेसे आहे असे मला वाटत नाही.

पाहुण्यांकडूनही थोडी चौकशी व्हायला हवी होती. तान्ह्या मुलाला घेऊन मे महिन्यात कड्यावरच्या घरात जाताना पाणी कुठून येते, कमी पडले तर काय करता आणि सांडपाणी कुठे जाते, एवढे विचारले तर यजमानाला राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे न गेलेले बरे. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर खाटा, वायफाय आणि न्याहारी यांसाठी रकाने असतात. विहिरीसाठी नसतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. शेजाऱ्यांशी झालेला करार तोंडीच आहे. त्यांपैकी एका घरातला मुलगा मुंबईहून परतला असून, आपल्या घरातही दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढण्याचा त्याचा विचार आहे. विहिरीवर त्याचा हक्क मालकांइतकाच आहे. दहा पाहुण्यांचा आकडा आता दोन घरांत कसा वाटायचा, टाकीचा खर्च त्याच्याकडून कोणत्या प्रमाणात घ्यायचा आणि हे कागदावर आणायचे की नाही, यावर दोन्ही घरांचे बोलणे पावसानंतर पुन्हा व्हायचे आहे.